मायक्रॉनचे भरीव गट्टू

गल्लीत त्याला मायक्रॉन म्हणत, आणि हे नाव आपल्याला मानाने मिळालंय अशी त्याची ठाम समजूत होती. मिलिमीटरचे हजार तुकडे केले की त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये धातू कातणाऱ्या लेथवर उभं राहून त्याने असल्या तुकड्यांशी संसार केला होता, त्यामुळे नाव शोभतही होतं. फक्त लोक ‘आला बघ मायक्रॉन’ म्हणत तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे त्याचं कसब नसे, त्याच्या कपाळावरची आठी असे. हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगून कोण वाकड्यात शिरणार?

निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात, नातवंडं खेळवतात, निदान झोपा तरी काढतात. याने जिन्याखालच्या खोलीत एक जुना छोटा लेथ बसवला आणि जगाच्या चुका काढायला घेतल्या. कपाटाच्या दाराखाली जराशी फट राहते म्हणून सुताराला चार वेळा बोलावलं. पाचव्या वेळी सुतार त्याला लांबून पाहूनच पलीकडच्या फुटपाथवर गेला. दंतवैद्याने कवळी बसवली तेव्हा याने आ वासलेल्या तोंडानेच विचारलं, टॉलरन्स किती धरलाय, म्हणजे माप किती चुकलेलं चालेल? बायकोच्या प्रत्येक डब्याचं झाकण हलवून बघायचं आणि ‘हं’ म्हणायचं, हा रोजचा परिपाठ. त्या एका ‘हं’मध्ये डबा करणारा, विकणारा आणि विकत घेणारी असे तिघेही निकालात निघत. बायको म्हणायची, “माझ्यातही कुठे फट असेल तर सांगून टाका, एकदाच काय ती बुजवून घेते.” तो हसायचा नाही. विनोद हा त्याच्या मते ढिसाळ माणसांचा उद्योग होता.

आणि सगळ्यात ढिसाळ माणूस त्याच्याच घरात आला होता, जावई होऊन. जावई मोटारसायकली दुरुस्त करायचा. लेकीने पसंती सांगितली तेव्हा मायक्रॉन गुपचूप त्याचं गॅरेज बघून आला. समोरच्या दुकानाच्या पायरीवर पंधरा मिनिटं उभा राहिला आणि त्याने काय पाहिलं? पोरगा एका गाडीची चेन आवळत होता आणि ती किती ढिली आहे हे अंगठ्याने दाबून बघत होता. पट्टी नाही, गेज नाही, अंगठा. मायक्रॉन त्या दिवशी जेवला नाही. “अंगठ्याने मापतो तो,” हे त्याने अशा आवाजात सांगितलं की बायकोला आधी वाटलं, पोरगा पितो. लेक म्हणाली, “बाबा, त्याच्याकडून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आलेली मी एकदाही पाहिली नाही.” “नशीब त्याचं,” मायक्रॉन म्हणाला. लग्न झालं. लग्नात हा सासरा असा वावरला की पाहुण्यांना वाटावं, कसल्यातरी चौकशीला आलाय.

सहा वर्षं झाली तरी त्याने गॅरेजच्या आत पाय टाकला नव्हता. रोज पाचला मात्र हजर. शटरबाहेर त्याच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली असे. तीत बसून, चहा जावयाचाच पिऊन, तो गिऱ्हाइकांदेखत जावयाचे वाभाडे काढी. तेही अगदी मान राखून. “जावईबापू, तो नट तुम्ही अंदाजाने आवळलात, नाही का?” जावई खाली मान घालून म्हणे, “हो मामा.” नट बरोबर आवळलेला असे, ती गोष्ट वेगळी. गल्लीत आणखी एक गॅरेज होतं, अगदी समोर, चकचकीत पाटी लावलेलं. जावयाकडे पाटीसुद्धा धड नव्हती. त्याचं सगळं चाले ते नावावर: हा माणूस गाडीशी खोटेपणा करत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्याचं आणि लेकीचं घर उभं होतं.

आता ज्या वस्तूपायी हे सगळं झालं ती सांगायला हवी. मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या मधोमध हब असतो. चेन ज्या दातेरी चक्राला फिरवते ते चक्र हबला थेट जोडलेलं नसतं. दोघांच्या मध्ये, हबच्या कप्प्यांत, रबराचे गट्टू बसवलेले असतात. क्लच सोडला, ॲक्सिलरेटर पिळला की जो हिसका बसतो तो आधी त्या रबरावर पडतो. रबर दबतं, हिसका जिरतो, मग चाक फिरतं. कधीतरी रबर झिजतं, ते फेकायचं, नवं घालायचं. हे ज्याला कळत नाही असा मेकॅनिक नसतो, आणि हे ज्याला पटत नाही असा माणूस जगात बहुतेक एकच होता.

त्याच्या स्वतःच्या गाडीचे रबर झिजले तेव्हा जावयाने जुने काढून त्याच्या हातात दिले. मायक्रॉनने एक गट्टू दोन बोटांत धरून दाबला. तो दबला. चहात माशी पडावी तसं त्याचं तोंड झालं.

“हे?” तो म्हणाला. “एवढ्या यंत्राच्या पोटात हे खोडरबर?”

“मामा, ते मुद्दाम ठेवलेलं असतं,” जावई म्हणाला. “हिसका ते खातं. ते काढलं तर हिसका गिअरबॉक्सला जाईल.”

“हिसका बसतो कशाने, जावईबापू? फट असते म्हणून. फट शून्य केली तर हिसका येणार कुठून?”

जावयाचं उत्तर त्याच्या हातात होतं, आणि हातातलं ज्ञान म्हणजे मायक्रॉनच्या लेखी निरक्षरपणा. जावई म्हणाला, “बघा तुम्ही.” झालं. मायक्रॉन घरी गेला आणि अकरा दिवस जिन्याखालून बाहेर आला नाही. हबचे कप्पे मोजले, ॲल्युमिनियमचा ठोकळा कापला, एकेक गट्टू लेथवर धरला, मग कानशीने घासला, निळा रंग लावून बसवून बघितला, रंग जिथे उमटला तिथे पुन्हा घासला. शेवटी चारही गट्टू आपापल्या कप्प्यात असे बसले की मध्ये सिगारेटचा कागदही जाऊ नये. प्रत्येकावर त्याने बारीक पंचाने एक वर्तुळ आणि त्यात एक ठिपका उठवला. ती त्याची खूण.

या खुणेचं काय ते सांगतो, म्हणजे उगीच त्याच्यावर अन्याय नको. चौतीस वर्षांत त्याने गेज केले, साचे केले, दुसऱ्यांच्या कामाची चूक पकडणारी मापं केली. त्यातली एकही वस्तू कारखान्याच्या फाटकाबाहेर आली नव्हती. त्याच्या हातचं काही रस्त्यावरून धावावं, एवढी एक हौस त्या वाळक्या माणसात होती. बाकी हौस अशी कसलीच नव्हती.

गट्टू स्वतःच्या गाडीत घालून त्याने दोन महिने चाचणी घेतली. चाचणी कशी? ताशी तीसच्या वेगाने, मोकळ्या रस्त्याने, मागे कोणी नाही, गिअर असा हळू टाकायचा की गाडीला झोपेतून उठवतोय. कारखान्यात तो जसा एकट्याने बंद खोलीत माप घ्यायचा तशीच ही चाचणी. बायको एकदाच मागे बसली आणि बाजारातून चालत परत आली. म्हणाली, “माझी हाडं तुमच्या टॉलरन्समध्ये बसत नाहीत.” तरी गाडीला काही झालं नाही. मायक्रॉनने निकाल जाहीर केला: रबर ही अडाण्यांची सोय आहे. आता जावयाने हे गट्टू गिऱ्हाइकांच्या गाड्यांत बसवायचे.

जावई आठ दिवस टाळत होता. शेवटी लेकच त्याला म्हणाली, “एका गाडीत बसव. एकदा त्यांचं ऐकलंस तर निदान आत येऊन माणसासारखे बोलतील तुझ्याशी.” चूक तिचीही होती, पण सहा वर्षं बाप नवऱ्याला बाहेरून टोचतोय हे बघत बसणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार?

पहिली गाडी मिळाली ती सँपलवाल्याची. हा एका लॅबसाठी दवाखान्यादवाखान्यांतून रक्ताच्या बाटल्या गोळा करायचा. मागे भरलेली पेटी, दिवसाला चाळीस ठिकाणी थांबायचं, चाळीस वेळा निघायचं, आणि प्रत्येक वेळी क्लच असा सोडायचा की पोलीस मागे लागलेत. जावयाने त्याला रीतसर विचारलं. तो म्हणाला, “काकांनी केलंय ना? मग डोळे मिटून बसव.”

सातव्या आठवड्यात भर चौकात गिअरबॉक्समध्ये दात तुटला, तुकडा आत अडकला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. सँपलवाला पेटीसकट रस्त्यावर गेला. खांद्याचं हाड मोडलं. पुढे ते जुळलं, पण हात कानाच्या वर जाईनासा झाला.

त्या दिवशी इस्पितळात त्याने जावयाला विचारलं, काय झालं रे गाडीला? तेवढ्यात मायक्रॉन दारातून आत येत होता. जावई म्हणाला, “माझी चूक झाली. परवाच्या सर्व्हिसिंगला गिअरबॉक्सचं ऑइल काढलं आणि नवं भरायचं राहिलं.”

मायक्रॉनला काय झालं म्हणाल तर हर्ष झाला. जखमी माणूस समोर पडलाय म्हणून त्याने तो दाबून ठेवला, पण चौकापर्यंतही दाबवला नाही. तिथून पुढे रोज पाचला खुर्चीत बसून हेच. ऑइल भरायला विसरले. अहो, तेल भरायला! मी चौतीस वर्षांत मशीन कोरडं चालवलं नाही. अंगठ्याने मापणाऱ्याचं असंच व्हायचं. गिऱ्हाइकं ऐकत, मान डोलावत आणि पुढच्या वेळी गाडी समोरच्या गॅरेजात नेत. स्वतःच्या लेकीचं ताट आपण जिभेने ओढून घेतोय, हे या मापाच्या राजाला मापता आलं नाही. तुच्छ माणूस. यापेक्षा सौम्य शब्द शोधून सापडत नाही.

आणि गट्टू करणं चालूच. महिन्याला चार-चारचे दोन-तीन जोड, तेलकट कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून. जावई ते दोन्ही हातांनी घ्यायचा, म्हणायचा, “बसवतो मामा,” आणि कुठल्या गाडीत बसवले तेही सांगायचा. मायक्रॉन बोटं मोजायचा. एकोणीस जोड झाले. एकोणीस गाड्या आपल्या खुणेवर धावतायत आणि एकाचीही तक्रार नाही. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तो मागच्या चाकाकडे असा बघायचा की लोक आपले टायर तपासत.

मग एक दिवस खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला. फरशी जराशी खचली असेल. दुसऱ्या कोणी खुर्ची वीतभर सरकवली असती. मायक्रॉनला पत्र्याची बारीक पट्टी हवी होती, पायाखाली बरोबर बसणारी. जावई बाहेर सँपलवाल्याच्या गाडीशी उकिडवा बसला होता. खांदा मोडल्यापासून त्या गाडीचं काम तो दर पंधरा दिवसांनी काहीही न घेता करायचा आणि सँपलवाला शेजारी उभा राहून त्याला घालूनपाडून बोलायचा. लेक आत फोनवर होती. मायक्रॉन उठला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा गॅरेजमध्ये शिरला.

पट्टीसाठी त्याने खालचा खण ओढला. आत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. डब्यात तेलकट कागदाच्या पुड्या होत्या, त्याच्याच. त्याने मारलेल्या गाठीसुद्धा सुटलेल्या नव्हत्या. त्याने मोजल्या. अठरा भरल्या. तळाशी एका फडक्यात एकोणिसावा जोड होता, उघडा, आणि त्याच्याबरोबर हबचा एक फुटलेला तुकडा आणि एक गिअर, दोन दात गेलेला.

आता बाकी काही म्हणा, धातू वाचायला या माणसाला कोणी शिकवायला नको होतं. त्याने गिअर उजेडात धरला. तेलाविना फिरलेला गिअर तापून निळा पडतो. हा निळा नव्हता. खाचांत जुनं तेल अजून चिकटलेलं होतं. तुटलेल्या दाताच्या मुळाशी एकामागे एक बारीक वळसे होते. रोज थोडा थोडा हादरा खात खात भेग पुढे सरकत गेली की असे वळसे उमटतात. हबच्या तुकड्याची कड ठोकून ठोकून चेपली होती. आणि त्याचे गट्टू? त्यांना काही झालं नव्हतं. चकचकीत, कोपरे शाबूत, वर्तुळ आणि ठिपका कालच उठवल्यासारखा. ते जराही दबले नव्हते. त्यांच्या आजूबाजूचं सगळं मोडलं होतं.

लेक फोन ठेवून मागे येऊन उभी राहिली होती.

“यात तेल होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मग तो खोटं का बोलला?”

“मीही भांडले त्यावरून. दुसऱ्याच दिवशी गिअरबॉक्स उघडला तेव्हा मला सगळं दाखवलं त्याने.” मग तिने बाकीचंही सांगून टाकलं. “म्हणाला, मला लोक वर्षभर बोलतील आणि विसरतील. मामांना जन्मात एवढं एकच येतं. तेही हातातून काढून घेतलं तर ते सकाळी उठतील कशासाठी?”

मायक्रॉनला आयुष्यात लोकांनी टाळलं होतं, नावं ठेवली होती, मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्यातल्या कशानेही त्याला ओरखडा उमटला नव्हता. कीव कोणी केली नव्हती. ती केली कोणी, तर अंगठ्याने मापणाऱ्याने, आणि तीही आठ महिने, रोज, चहा पाजून. त्याचे कान तापले. त्याने खण बंद केला. लाज या वयात पहिल्यांदा वाटली की ती कुठे ठेवायची ते माणसाला कळत नाही.

एवढं मात्र त्याच्या बाजूने लिहून ठेवू, की तो मागच्या दाराने पळाला नाही. गिअर मुठीत धरून बाहेर आला.

सँपलवाला नेहमीच्या सुरात म्हणत होता, “या खेपेला ऑइल भरलंस ना, की मी येऊन ओतू?” समोरच्या गॅरेजपुढे उभे असलेले दोघंतिघं फिदीफिदी हसले. जावई पाना फिरवत म्हणाला, “भरलंय.”

“तेव्हाही भरलं होतं,” मायक्रॉन म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जावयाचा पाना थांबला.

“त्याची चूक नव्हती,” मायक्रॉन म्हणाला. “गट्टू माझे होते. तो नको म्हणत होता, मी बसवायला लावले. ते दबत नाहीत, म्हणून गिअर तुटला. तुमचा खांदा माझ्यामुळे मोडलाय. त्याला बोलू नका, मला बोला.”

सँपलवाल्याचे डोळे भरून आले. त्याने धडक्या हाताने मायक्रॉनचा हात धरला आणि जावयाकडे वळला.

“ऐकलंस?” तो म्हणाला. “ज्या माणसाच्या हातून उभ्या जन्मात केसभर चूक झाली नाही, तो तुझ्यापायी स्वतःवर घेतोय. आणि तू खाली बसून ऐकतोयस. लाज वाटू दे थोडी.”

“अहो, मी खरं सांगतोय,” मायक्रॉन म्हणाला. “हा गिअर बघा. तेल नसतं तर निळा पडला असता. हे वळसे बघा, इथे, मुळाशी...”

“काका, मला त्यातलं काही कळत नाही,” सँपलवाला म्हणाला. “मला माणसं कळतात.”

मायक्रॉनने तिसऱ्यांदा सांगितलं, समोरच्या दोघातिघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्यांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. म्हातारा काय माणूस आहे बघा. इतकी वर्षं रोज पाचला बसून त्याने स्वतःच या लोकांना पढवलं होतं की आपल्या हातून चूक होत नाही आणि जावयाच्या हातून दुसरं काही होत नाही. ते पाठ झालेलं आता एका गिअरने पुसलं जाणार होतं थोडंच.

“मामा, राहू द्या,” जावई खालूनच म्हणाला, आणि त्याने उरलेला नट आवळला.

रात्रीपर्यंत गल्लीभर झालं, की सासरा म्हणजे देवमाणूस आणि जावई असा की म्हाताऱ्याला खोटं बोलायला लावतो. दुसऱ्या दिवशी पाचला मायक्रॉन आला तो खुर्चीत बसला नाही, शटरपाशी उभा राहिला. जावयाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक बंद पडलेली गाडी ढकलत येत होतं. ते जावयाच्या दारावरून तसंच पुढे गेलं आणि समोरच्या गॅरेजात शिरलं. जाताना त्याने गाडी एका हाताने तोलून धरली आणि मायक्रॉनला वाकून नमस्कार केला.